बॉनेट पुन्हा पुन्हा खाली येतं: गॅस स्ट्रट, दांडी आणि जुन्या गाडीचा पत्रा

पहाटेच्या गारठ्यात बॉनेट उघडलं, ते नीट वर गेलं, आणि ऑइल बघायला वाकल्यावर हळूहळू खाली येत पाठीला टेकलं. दुपारी ऊन तापल्यावर तेच बॉनेट खांबासारखं उभं. जुन्या जीप, पिकअप आणि तशाच कामाच्या गाड्यांवर ज्यांनी बॉनेटला टेकू देणारी मूळची लोखंडी दांडी काढून गॅस स्ट्रट (ज्याला आपण शॉकर म्हणतो) बसवले आहेत, त्यांना हा अनुभव नवा नाही. बरेच जण स्ट्रट बदलतात. सहा-आठ महिने बरे जातात आणि मग पुन्हा तेच.

माझ्या जुन्या पिकअपवर मी असे दोन जोड बदलले. तिसरा जोड घ्यायच्या आधी मात्र वजनकाटा, दोरा आणि गुण्या घेऊन बसलो आणि सगळं मोजलं. तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. स्ट्रटची ताकद बॉनेटच्या गरजेला जेमतेम पुरत होती, हातात काही शिल्लकच नव्हतं. आणि स्ट्रट ज्यावर बसतो त्या डाव्या ब्रॅकेटखालचा मडगार्डचा पत्रा आतल्या आत वाकला होता. या दोन्ही गोष्टी नवा स्ट्रट आणून दुरुस्त होणाऱ्या नव्हत्या. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. डोकं आणि हात त्या बॉनेटखाली असतात, त्यामुळे हा किरकोळ विषय नाही.

आधी स्ट्रट समजून घ्या

आपण त्याला शॉकर म्हणतो, पण तो गचके शोषणारा शॉकर नव्हे. तो गॅसची स्प्रिंग आहे. बंद नळीत खूप दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो आणि थोडं तेल असतं. आत पिस्टन असतो, पण त्याला बारीक भोक असल्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच राहतो. मग दांडा बाहेर का ढकलला जातो? कारण दांड्याच्या जाडीइतक्या जागेवर बाहेरून त्या दाबाला अडवणारं काही नसतं. म्हणजे स्ट्रटची ताकद ही आतला दाब गुणिले दांड्याचा छेद. दांडा ८ मिलिमीटरचा असेल तर छेद साधारण ५० चौरस मिलिमीटर येतो. त्यातून ४०० न्यूटन जोर हवा असेल तर आत सुमारे ८० बार दाब लागतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. एवढा दाब वर्षानुवर्षं अडवून धरतो तो दांड्याभोवतीचा एक लहानसा सील. स्ट्रट 'गेला' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो सीलच गेलेला असतो.

नळीवर छापलेल्या आकड्यांमध्ये एन अक्षराजवळचा आकडा हा न्यूटनमधला जोर असतो. ४०० म्हणजे ढोबळमानाने ४० किलो वजन पेलण्याइतका. हा आकडा २० अंश सेल्सिअसला आणि स्ट्रट जवळजवळ पूर्ण उघडलेला असतानाचा असतो. स्ट्रट दाबत गेलं की आत शिरणारा दांडा गॅसची जागा खातो, दाब वाढतो, आणि पूर्ण दाबल्यावर जोर साधारण २० ते ४० टक्क्यांनी जास्त भरतो. तापमानाचंही तसंच आहे. दर १० अंशांना जोर सुमारे साडेतीन टक्क्यांनी कमी-जास्त होतो. शून्य अंशाला ७ टक्के कमी, ४० अंशांना ७ टक्के जास्त.

सात टक्के म्हणजे फार नाही असं वाटेल. पण पहाटेचं कोडं तिथेच सुटतं.

एक हिशेब, पूर्ण मांडून

समजा बॉनेट २० किलोचं आहे, बिजागरीपासून पुढच्या कडेपर्यंत १ मीटर लांब, आणि वजनाचा मध्य बरोबर अर्ध्यावर. बंद स्थितीत बिजागरीभोवती त्याचा भार, म्हणजे वजन गुणिले बिजागरीपासूनचं आडवं अंतर (२० × ९.८ × ०.५), साधारण ९८ न्यूटन-मीटर. ५० अंश उघडल्यावर वजन बिजागरीच्या जवळ सरकतं आणि भार ६३ वर येतो. आता दोन स्ट्रट आहेत, आणि उघड्या स्थितीत बिजागरीपासून स्ट्रटच्या रेषेचं काटकोनातलं अंतर १२ सेंटिमीटर आहे. बॉनेट नुसतं तोलून धरायला प्रत्येक स्ट्रटला सुमारे २६३ न्यूटन लागतात. आपण ३०० चे स्ट्रट बसवले. म्हणजे शिल्लक १४ टक्के.

नवे असताना शून्य अंशाला ते २८० होतात. बॉनेट उभं राहतं. वर्षा-दोन वर्षांत थोडा गॅस झिरपून १० टक्के जोर गेला तर २७०. तरीही उभं राहतं, कारण २६३ च्या वर आहे. पण दहा टक्के जोर गेलेला आणि वर शून्य अंशाचा गारठा, म्हणजे २५२. बॉनेट खाली. दुपारी ३० अंश झाले की तेच स्ट्रट २७९ देतात आणि बॉनेट पुन्हा उभं. स्ट्रट एका रात्रीत बिघडला नाही आणि दुपारी बराही झाला नाही. शिल्लक हळूहळू संपत आली होती, गारठ्याने उरलेली संपवली.

याच बॉनेटला आतून आवाज-उष्णता रोखणारी चादर चिकटवली आणि वजन २ किलोंनी वाढलं तर गरज २६३ वरून २८९ वर जाते. नवाकोरा स्ट्रटही मग काठावर उभा. गाडी नाक खाली करून ८ अंशांच्या उतारावर उभी असेल तर बॉनेट जमिनीशी ५० ऐवजी ४२ अंश करतं, आणि गरज ३०४ होते. म्हणजे नवे स्ट्रट, २० अंशांची छान हवा, तरी बॉनेट पडणार. म्हणून तपासणीची पहिली अट: गाडी सपाट जागेवर लावा. उतारावर उभ्या गाडीवरून स्ट्रटचा निवाडा करू नका.

स्वतःच्या गाडीवर हे कसं मोजायचं

बॉनेट काढून तोलायची गरज नाही. दोन्ही स्ट्रट उतरवा. (कसे, ते पुढे सांगतो.) बॉनेट कुलपात न अडकवता जवळजवळ बंद स्थितीत आणा. पुढच्या कडेच्या मध्यावर आकड्याचा हातवजनकाटा अडकवून सरळ वर ओढा आणि कडा उचलायला लागते त्या क्षणीचा आकडा बघा. तो आकडा किलोत, गुणिले ९.८, गुणिले बिजागरीच्या पिनपासून त्या कडेपर्यंतचं अंतर मीटरमध्ये. झाला बंद स्थितीतला भार. वरच्या उदाहरणात काटा १० किलो दाखवेल. मग दुसऱ्या माणसाला बॉनेट पूर्ण उघड्या उंचीवर धरायला सांगा आणि काटा बॉनेटच्या पत्र्याशी काटकोनात ओढून त्याच पद्धतीने आकडा घ्या. हा उघड्या स्थितीतला भार. खरा महत्त्वाचा हाच.

दुसरं माप स्ट्रटच्या रेषेचं. स्ट्रटच्या टोकांच्या वाट्या ज्या गोळ्यांवर बसतात, त्या खालच्या आणि वरच्या गोळ्यांमध्ये दोरा ताणून धरा आणि बिजागरीच्या पिनपासून गुण्याने त्या दोऱ्यापर्यंतचं काटकोनातलं अंतर घ्या. हे अंतर उघड्या आणि बंद, दोन्ही स्थितींत मोजा. उघड्या भाराला उघड्या अंतराने भागा, दोनाने भागा, आणि त्यावर २० ते २५ टक्के चढवा. वीसपेक्षा कमी शिल्लक ठेवली तर गारठा आणि वय मिळून ती खाऊन टाकतात, हे आपण पाहिलंच.

मात्र चढवलेला आकडा बंद स्थितीत पडताळून बघा. उदाहरणात बंद स्थितीतलं अंतर ४ सेंटिमीटर धरलं आणि ३०० चे स्ट्रट दाबून ३९० झाले, तर ते ३१ न्यूटन-मीटरने बॉनेट वर ढकलतात. बॉनेटचा स्वतःचा भार ९८. म्हणजे बॉनेट आपल्या वजनाने खाली बसून राहतं आणि उचलताना हाताला पुढच्या कडेला सुमारे सात किलोच लागतात. असंच हवं. कळ ओढल्यावर बॉनेटने जरासं उचलावं आणि थांबावं. कळ ओढताच ते स्वतःहून उसळत असेल तर स्ट्रट चुकीच्या जागी किंवा गरजेपेक्षा जास्त ताकदीचे बसले आहेत. चालत्या गाडीत कुलूप सुटलं तर दांडीच्या गाडीत बॉनेट उचलायला फक्त वारा असतो. इथे वाऱ्याच्या जोडीला स्ट्रटही ढकलत असतात. म्हणून स्ट्रट बसवलेल्या प्रत्येक जुन्या गाडीत दुसरी सुरक्षा-कडी, म्हणजे कळ सुटल्यावरही बॉनेटला अडवणारा आकडा, नीट लागतो का हे आधी बघा. तो गंजून आखडला असेल तर स्ट्रटचं काम तिथेच थांबवा आणि आधी तो मोकळा करा.

जुना स्ट्रट किती उरला आहे हेही घरीच कळतं. बाथरूममधल्या वजनकाट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा, ठोकळ्यात उथळ खळगा करा, दांड्याचं टोक त्यात टेकवा आणि स्ट्रट अगदी उभा धरून दाबा. दांडा थोडासा आत जायला लागला की आकडा वाचा. ३०० न्यूटनच्या चांगल्या स्ट्रटला साधारण ३० किलो दिसायला हवेत. २७ च्या खाली असेल तर दहा टक्क्यांहून जास्त जोर गेला आहे. तिरका दाबू नका, निसटून चेहऱ्यावर येतो.

आकडे बरोबर, तरी स्ट्रट टिकत नाहीत

स्ट्रट उलटा बसवलेला असणं ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. बॉनेट बंद असताना दांडा खालच्या बाजूला आणि नळी वर असायला हवी. आतलं थोडंसं तेल मग सीलवर उभं राहतं, सील ओला राहतो, आणि उघडताना शेवटच्या टप्प्यात बॉनेट गचका न देता हळू थांबतं. नळी खाली असेल तर तेल तळाशी बसतं, सील कोरडा पडतो आणि गॅस झिरपू लागतो. उघडताना शेवटी 'टक्' असा आवाज येत असेल तर स्ट्रटची दिशा तपासा. सुटे स्ट्रट घरात ठेवतानाही दांडा खाली करूनच उभे ठेवावेत.

दांड्यावरचा ओरखडा. दांड्याचा पृष्ठभाग आरशासारखा हवा. पक्कडीने तिथे एकदा धरलं की त्या दातांच्या खुणा दर वेळी सीलमधून आत-बाहेर जातात आणि त्याला कापतात. बॉनेट पडू नये म्हणून दांड्यावर चिमटा पक्कड आवळण्याचा उपाय बरेच जण करतात. अडीअडचणीला समजू शकतं, पण तो स्ट्रट त्या दिवसापासून संपला असं समजा. रंगाचे उडालेले थेंबही तेच करतात, म्हणून बॉनेट रंगवताना स्ट्रट उतरवून ठेवा. दांड्याला ग्रीस लावू नका. त्यावर धूळ बसते आणि ती सीलपर्यंत पोचते. कोरड्या मऊ फडक्याने पुसलं की पुरे.

उष्णता. साधे स्ट्रट साधारण ८० अंशांपर्यंतच्या वातावरणासाठी बनवलेले असतात. एक्झॉस्टच्या नळकांड्यापासून वीतभर अंतरावर स्ट्रटची नळी आली तर त्याहून जास्त उष्णता लागते. एकाच बाजूचा स्ट्रट नेहमी आधी जात असेल तर इंजिनाची गरम बाजू कोणती ते पाहा. तिथे पातळ पत्र्याची आडकाठी बसवली किंवा जागा हलवली तरच उपयोग होतो.

चौथं कारण आडवा ताण, आणि जुन्या गाडीत याची मुळं स्ट्रटच्या बाहेर असतात. वरचा आणि खालचा गोळा बॉनेट ज्या दिशेने उघडतं त्याच सरळ प्रतलात हवेत. एखादा सेंटिमीटर आत-बाहेर असला की दांडा दर उघडझापीला सीलच्या एकाच बाजूला घासतो. बिजागरीची पिन झिजली असेल तर सुरुवातीला सगळं सरळ बसवूनही पुढे वाकडं होतं. बॉनेट अर्धं उघडून मागचा कोपरा हाताने वर-खाली, डावा-उजवा हलवून बघा. हाताला खेळ जाणवला तर आधी बिजागरी. बिजागरी ढिली असताना नवे स्ट्रट आणणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

पत्रा: सगळ्यात कमी पाहिली जाणारी गोष्ट

दांडी आणि स्ट्रट यांच्यात खरा फरक सोयीचा नाही. भार कुठे पडतो, याचा आहे. त्याच उदाहरणातल्या बॉनेटला दांडी बिजागरीपासून ८० सेंटिमीटरवर टेकते. ६३ न्यूटन-मीटर भागिले ०.८, म्हणजे जेमतेम ८० न्यूटन. दांडीवर आठ किलो येतात, तेही बॉनेट उघडं असतानाच. स्ट्रट मात्र बिजागरीजवळ असतो, लहान अंतरावरून तोच भार पेलतो, म्हणून प्रत्येक बाजूला ३० किलो. आणि बॉनेट बंद केल्यावर तो सुटत नाही, उलट ३९ किलोंनी ढकलत राहतो. दिवसरात्र, खड्ड्याखड्ड्याला, वर्षानुवर्षं.

ज्या गाडीचं बॉनेट आणि मडगार्ड दांडीच्या हिशेबाने बनवले, त्यांच्या पत्र्याला त्या जागी एवढा जोर सोसायची तजवीज केलेली नसते. त्यात तीस वर्षांचा गंज. बाजारात मिळणारे जोड-संच बरेचदा मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर दोन स्क्रूंनी लागतात. पहिले काही महिने काही दिसत नाही. मग ब्रॅकेटखाली पत्रा उशीसारखा दबतो, गोळा पाच-सात मिलिमीटर खाली जातो, स्ट्रटची रेषा बदलते, आणि बॉनेट पूर्वीइतकं वर जात नाही. आपल्याला वाटतं गॅस गेला.

तपास सोपा आहे. एकाने बॉनेट पुढच्या कडेला धरून हळूहळू बंद करायचं आणि पुन्हा उघडायचं. दुसऱ्याने बॅटरी मारून ब्रॅकेटच्या बुडाशी बघत राहायचं. स्ट्रट हलेल, गोळा फिरेल, पण ब्रॅकेट आणि त्याखालचा पत्रा केसभरही हलता कामा नये. हलला तर पत्र्याखालून ३ मिलिमीटरची, ब्रॅकेटच्या निदान तिप्पट आकाराची पट्टी लावा आणि स्क्रूऐवजी आरपार बोल्ट, वायसर आणि लॉक नट वापरा. बिजागरीच्याच मूळ बोल्टांवर बसणारं ब्रॅकेट मिळालं तर फारच उत्तम, कारण ती जागा मुळातच भार सोसायला बनवलेली असते. वरच्या बाजूला ब्रॅकेट बॉनेटच्या आतल्या फासळीवर जायला हवं. बाहेरच्या कातडीवर, म्हणजे रंग दिसतो त्या पत्र्यावर, कधीही नाही.

नवे स्ट्रट बसवून बॉनेट बंद केलं आणि बिजागरीजवळचे कोपरे दोन-तीन मिलिमीटर वर आलेले दिसले, किंवा मागच्या तिसऱ्या हिश्श्यात पत्र्यावर आडवी रेघ उमटल्यासारखी वाटली, तर लगेच थांबा. ती रेघ म्हणजे बॉनेट तिथे मोडायला लागलं आहे. एकदा घडी पडली की ती ठोकून पूर्ण जात नाही. असं होण्याची दोन कारणं असतात. एक, स्ट्रट गरजेपेक्षा जोरदार. दुसरं, स्ट्रट लांबीने चुकीचा: बॉनेट पूर्ण बंद व्हायच्या आधीच दांडा आत संपतो आणि स्ट्रट लोखंडी कांब होऊन बॉनेटला वर रेटतो. म्हणून पहिल्यांदा बंद करताना आपटू नका. हाताने इंचाइंचाने खाली आणा. बंद स्थितीत दांड्याची निदान ५ ते १० मिलिमीटर हालचाल शिल्लक राहायला हवी. स्ट्रट विकत घेताना म्हणूनच नुसती ताकद सांगून भागत नाही. उघडी लांबी गोळ्याच्या मध्यापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत, बंद लांबी, आणि टोकांचा प्रकार हे सगळं सांगावं लागतं. गोळे बहुधा १० मिलिमीटरचे असतात, जड झाकणांना १३ चे. दहाच्या गोळ्यावर तेराची वाटी बसल्यासारखी वाटते आणि एक दिवस निखळते.

एकच स्ट्रट बदलण्याचा मोह टाळा. एक ३०० आणि दुसरा २४० असला की बॉनेट दर वेळी पिळलं जातं, आणि पिळलेल्या बॉनेटच्या फटी पुन्हा जुळवणं स्ट्रटच्या जोडीपेक्षा कितीतरी मोठं काम आहे.

स्ट्रट उतरवताना

बॉनेट पूर्ण उघडं, खाली मजबूत लाकडी टेका किंवा भरवशाचा माणूस. या स्थितीत स्ट्रट पूर्ण लांबलेला असतो. अर्ध्या उघड्या बॉनेटवर वाटी सोडवली तर आतला सगळा जोर तुमच्या बोटांवर येतो. वाटीच्या मागची तारेची क्लिप बारीक स्क्रूड्रायव्हरने थोडीशीच उचला, पूर्ण काढू नका, आणि वाटी गोळ्यावरून ओढून काढा. एक बाजू नवी बसवून मगच दुसरीला हात लावा.

दांडीचे आजार

दांडी साधी आहे आणि तिचे दोषही डोळ्यांना दिसतात. म्हणूनच मला ती आवडते. स्ट्रट आतून रिकामा होत आला तरी बाहेरून नवा दिसतो. दांडी तशी फसवत नाही.

दांडी निसटते ती बहुतेक वेळा वरच्या भोकातून. बॉनेटच्या फासळीतलं ते भोक गंजून, घासून मोठं होतं, किंवा त्यातली प्लॅस्टिकची बुशी उष्णतेने कडक होऊन तुकडे पडतात. मोठ्या झालेल्या भोकावर योग्य मापाचं भोक असलेली जाड पट्टी बोल्टने लावा किंवा वायसर वेल्ड करा. वेल्ड करणार असाल तर बॅटरीची तार आधी सोडवा आणि बॉनेटच्या आतली चादर दूर करा. भोक किल्लीच्या भोकासारखं, म्हणजे एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद असेल तर दांडीचं वाकवलेलं टोक अरुंद भागात सरकून अडकायला हवं. नुसतं टेकून राहत असेल तर समोरून आलेला वारा बॉनेट दोन बोटं उचलतो, दांडी पडते, आणि पुढच्या क्षणी बॉनेट एक तर काचेवर उलटतं किंवा हातावर आपटतं. मोकळ्या माळावर काम करायचं असेल तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करू नका.

खालचं टोक जिथे फिरतं तिथली रबरी किंवा प्लॅस्टिकची बुशी गेली की दांडी आडवी डुलते. ती बुशी लहानशी वस्तू आहे, मिळाली तर तीच घ्या. वाकलेली दांडी सरळ करून वापरता येते असं वाटतं, पण ती त्याच जागी पुन्हा वाकते. बहुतेक वेळा ती वाकते ती क्लिपमध्ये परत न बसवता बॉनेट बंद केल्यामुळे, म्हणून वाकलेली दांडी दिसली की क्लिप तुटली आहे का तेही पाहा. क्लिपमध्ये दांडी खडखडत असेल तर जुन्या रबरी नळीचा तुकडा उभा चिरून दांडीवर चढवा. रेडिएटरजवळ तापलेली दांडी हाताने धरतानाही त्याचा उपयोग होतो.

काही जुन्या गाड्यांवर स्ट्रटचा विचारच करू नये. लँड रोव्हरच्या जुन्या मालिकेसारख्या गाड्यांवर स्टेपनी बरेचदा बॉनेटवरच बसवलेली असते. चाक आणि टायर मिळून भार दुपटीच्या वर जातो आणि तेवढ्या ताकदीचे स्ट्रट बंद स्थितीत बॉनेटचे कोपरे उचलून टाकतील. तिथे जाड दांडीच हवी. विलीस जीपसारख्या गाड्यांचं बॉनेट तर पूर्ण मागे उलटून काचेच्या चौकटीवर टेकतं. स्ट्रट लावले की ते अर्ध्यावर अडणार आणि इंजिनापर्यंत पोचायची मोकळी जागा जाणार.

मागच्या झाकणाचं वेगळं गणित

पिकअपच्या हौदावर टोपी बसवलेली असेल तर तिचं मागचं काचेचं दार वरून बिजागरी लावलेलं असतं. बॉनेटला बंद असताना सगळ्यात जास्त भार असतो, या दाराला उघडून आडवं झाल्यावर. म्हणून इथे शिल्लक ठेवताना हात आखडू नका, आणि दाराला नंतर जे काही लटकवता, कुलपाची पट्टी, जाळी, हत्यारांची पिशवी, ते सगळं पूर्ण किमतीने मोजा. मागे धूळ जास्त उडते, त्यामुळे दांडे आठवड्याला पुसावे लागतात. इथेही बंद स्थितीत दांडा खाली, हा नियम तोच.

आता माझ्या गाडीवर काय आहे

स्ट्रट आहेत, २२ टक्के शिल्लक ठेवून निवडलेले, बिजागरीच्या बोल्टांवरच्या ब्रॅकेटवर. आणि मूळची दांडीही आहे, नव्या बुशीसकट, आपल्या क्लिपमध्ये. नुसतं ऑइल-पाणी बघायचं असेल तर स्ट्रट पुरतात. पण डोकं आत घालून पाच मिनिटांहून जास्त काम असेल, वारा असेल, गाडी उतारावर असेल किंवा पहाटेचा गारठा असेल तर दांडी लावतो. स्ट्रट बसवताना बऱ्याच गाड्यांतून दांडी काढून टाकली जाते, कारण ती 'आता लागत नाही'. तुमच्या गाडीतून निघाली असेल तर शोधून परत बसवा. स्ट्रटमुळे बॉनेट पूर्वीपेक्षा जास्त किंवा कमी उघडत असेल तर दांडी त्या उंचीला जुळवून घ्यावी लागते. दांडी थोडी लांब पडत असेल तर भोक दुसऱ्या जागी घ्या, दांडी वाकवून जमवू नका.

निकामी स्ट्रट भंगारात देताना एवढं करा: त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत 'आत दाब आहे' असं लिहा आणि घेणाऱ्याला तोंडीही सांगा. बॉनेट पेलत नसलेल्या स्ट्रटमध्येही पन्नास-साठ बार दाब शिल्लक असू शकतो. तो करवतीने कापू नका, त्याला भोक पाडू नका, आणि आगीजवळ तर अजिबात जाऊ देऊ नका.